पगारदार की एजंट? माझं पहिलं आयटीआर-३

विमा कंपनीतली पगारी नोकरी सोडायची आणि त्याच आर्थिक वर्षात विमा एजंट व्हायचं, असं केल्यावर आयकराचं विवरणपत्र कसं भरतात, हे मी गेल्या वर्षी बरंच शोधलं. सापडलं ते एकतर ‘एजंट व्हा, अमर्याद कमवा’ छापाचं, नाहीतर सीए मंडळींनी सीए मंडळींसाठी लिहिलेलं. माझं २०२४-२५ चं प्रकरण आता पूर्ण मिटलंय, तेव्हा तारखा आणि आकड्यांसकट लिहून ठेवते. आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून शेकड्यात गोळाबेरीज केलेत. मी सीए नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या सीएचाच.

मी कोल्हापूरची. एका खासगी आयुर्विमा कंपनीच्या शाखेत नऊ वर्षं नोकरी केली, शेवटी सेल्स मॅनेजर म्हणून. काम एजंट नेमायचं आणि त्यांच्याकडून व्यवसाय आणवून घ्यायचं. एकूण पगार महिना ७८ हजार, शिवाय दर तिमाहीला टार्गेटवर इन्सेंटिव्ह. ३० सप्टेंबर २०२४ हा माझा नोकरीतला शेवटचा दिवस. रात्री साडेनऊला येणारे ‘आज किती लॉगिन?’, म्हणजे किती नवे अर्ज आले, असे फोन नकोसे झाले होते, एवढंच कारण पुरे.

नोव्हेंबरात एलआयसीची एजन्सी मिळाली. नऊ वर्षं दुसऱ्यांना एजंट बनवलं असलं तरी २५ तासांचं प्रशिक्षण आणि आयसी-३८ ची परीक्षा मला काही चुकली नाही. वर्गात माझ्या शेजारी नुकतीच बीकॉम झालेली मुलगी, आणि आम्हाला शिकवणारे सर माझ्या जुन्या शाखेत येऊन गेलेले. सरांना आणि मला, दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं. तिथे एक नियम पुन्हा घोकून घेतला, आणि तो पुढे फार कामाला आला. एजंटला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचं काम करता येतं. सोबत एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी चालते, पण आयुर्विम्याची दुसरी कंपनी चालत नाही.

डिसेंबरमध्ये जुन्या कंपनीकडून खात्यात १,६५,३०० रुपये आले. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचं इन्सेंटिव्ह बाकी होतं, ते १,७४,००० रुपये, त्यातून ५ टक्के म्हणजे ८,७०० टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला कर, कापलेला. पैसे बुडले नाहीत याच आनंदात होते. ५ टक्के का कापले, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाच नाही. पगारातून कर असा सरधोपट ५ टक्क्यांनी कधी कापत नाहीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयकराच्या पोर्टलवर सहज २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचं पत्रक, उघडून पाहिलं. तिसऱ्या तिमाहीचे टीडीएस तपशील कंपन्यांना ३१ जानेवारीपर्यंत भरायचे असतात, त्यामुळे ते फेब्रुवारीत दिसू लागतात. माझ्या नावापुढे तीन नोंदी होत्या. जुन्या कंपनीची कलम १९२ खाली, म्हणजे पगाराची. एलआयसीची १९४डी खाली, म्हणजे विमा कमिशनची. आणि तिसरी पुन्हा जुन्या कंपनीची, पण १९४डी खाली, १,७४,००० रुपयांची.

म्हणजे सरकारच्या कागदावर मी त्या एका वर्षात दोन आयुर्विमा कंपन्यांची एजंट होते.

आमचे सीए राजारामपुरीत बसतात. वडिलांच्या दुकानाचं कामही तेच बघायचे, म्हणून मी त्यांना काका म्हणते. त्यांनी २६एएस पाहिलं आणि कागद बाजूला ठेवून उलट मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. ऑफिसात यायची वेळ कोण ठरवायचं? रजा कोणाकडे मागायचीस? एखाद्या दिवशी तुझ्याऐवजी बहिणीला पाठवलं असतं तर चाललं असतं का? लॅपटॉप कोणाचा? पीएफ कापायचे? दुसऱ्या कंपनीचं काम घेतलं असतंस तर? काढून टाकायचा अधिकार कोणाला होता, आणि त्याआधी नोटीस द्यावी लागली असती का?

मग म्हणाले, “आता हेच सगळे प्रश्न एलआयसीच्या एजन्सीबद्दल स्वतःला विचार.”

वेळ माझी मी ठरवते. रजा घेण्याचा प्रश्नच नाही, घरी बसले तर कमिशन नाही एवढंच. स्कूटर माझी, फोन माझा, दिवाळीला ग्राहकांना द्यायच्या डायऱ्यांचा खर्च माझा. पीएफ नाही. काय विकायचं आणि फॉर्म कसा भरायचा याचे नियम आहेत, पण आज शिरोळला जा आणि उद्या कागलला जा असं सांगणारं कोणी नाही.

काकांनी सांगितलेला मुद्दा मी वहीत लिहून घेतला. आयकर कायद्याच्या कलम १७(१) मध्ये पगाराची जी व्याख्या आहे, तिच्यात ‘कमिशन’ही येतं. नोकराला मालकाकडून मिळालेलं कमिशन हा पगारच असतो. तसंच कमिशन स्वतंत्र एजंटला मिळालं की ते धंद्याचं उत्पन्न होतं. पावतीवर काय लिहिलंय यावर ते ठरत नाही, देणारा आणि घेणारा यांच्यात नोकरीचं नातं होतं का यावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने हे प्रश्न पन्नाशीच्या दशकापासून हाताळलेत. सौराष्ट्रातल्या मिठागरांत काम करणाऱ्या आगरियांचा खटला त्यांनी मला सांगितला. ते लोक मिठाच्या उत्पादनावर पैसे घ्यायचे, हाताखाली माणसंही ठेवायचे, तरी कंपनीची देखरेख आणि नियंत्रण पाहून न्यायालयाने त्यांना कामगार मानलं. आयकरातला राम प्रसाद खटला १९७२ चा. त्यात एका मॅनेजिंग डायरेक्टरला मिळालेलं कमिशन पगार ठरलं, कारण कंपनीशी झालेल्या कराराप्रमाणे तो नोकरच होता. काका बोलायला लागले की थांबत नाहीत, पण त्या दिवशी मला ते हवंच होतं.

तेव्हा माझं १,७४,००० चं इन्सेंटिव्ह पगारच होतं. मी नोकरीत असताना, नोकरीच्या टार्गेटवर, नोकरीच्या नेमणूकपत्रातल्या कलमानुसार ते कमावलं होतं. हातात आलं तेव्हा मी नोकरीत नव्हते, त्याने फरक पडत नाही. पगाराच्या कलम १५ मध्ये ‘पूर्वीचा मालक’ हे शब्द सरळसरळ आहेत.

“पण कराच्या रकमेत फरक किती पडेल?” मी विचारलं. खरं सांगायचं तर काहीच नाही, कारण त्या रकमेवर दाखवण्यासारखा खर्च माझ्याकडे नव्हताच. तरीही ते दुरुस्त करून घ्यायचं आम्ही ठरवलं. एक म्हणजे दोन आयुर्विमा कंपन्यांचं कमिशन एकाच वर्षात दिसणं माझ्या एजन्सीला अडचणीचं ठरू शकलं असतं. दुसरं, विवरणपत्रात १९४डी ची रक्कम पगारात दाखवली की संगणकाला विसंगती दिसणार आणि नोटिशीला उत्तर देत बसावं लागणार.

एलआयसीच्या शाखेत हा विषय काढला तेव्हा जुन्या एजंटांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. “काय डोक्याला त्रास करून घेताय, ते पण कमिशनमध्ये टाका, ३३ टक्के खर्च असाच मिळतो!” हा समज आजही पक्का आहे, आणि त्याला आधारही आहे, पण अर्धाच. १९९३ च्या एका परिपत्रकाप्रमाणे, हिशेब न ठेवणाऱ्या एलआयसी एजंटला पहिल्या वर्षाच्या कमिशनवर ५० टक्के आणि नूतनीकरणाच्या कमिशनवर १५ टक्के ठोक वजावट मिळते. दोन्हींची फोड उपलब्ध नसेल तर एकूण कमिशनच्या एक तृतीयांश. पण एकूण कमिशन ६० हजारांच्या आत असेल तरच, आणि जास्तीत जास्त २० हजार. १९९३ साली ६० हजार म्हणजे बरीच रक्कम होती. आज थोडंफार काम करणारा एजंटही ती ओलांडतो, आणि मग वजावट मिळते ती खरोखर झालेल्या खर्चाचीच.

दुसरा सल्ला स्टेशन रोडवरच्या एका फॉर्म भरून देणाऱ्याचा. “मॅडम, सुगम भरूया, ५०० रुपयांत काम.” सुगम म्हणजे आयटीआर-४, अंदाजे नफा दाखवायचा सोपा फॉर्म. पण तो ज्या कलम ४४एडी वर उभा आहे, त्यात कमिशन आणि दलालीचं उत्पन्न स्पष्टपणे वगळलंय. ४४एडीए ठरावीक व्यवसायांसाठी आहे, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट वगैरे. विमा एजंट त्यात नाही. म्हणून आयटीआर-३, धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांचा मोठा फॉर्म. लांबलचक आहे, नफातोटा आणि ताळेबंदाचे रकाने पाहून घाबरायला होतं, पण हिशेब ठेवलेला असला की भरता येतो, आणि त्यातले बहुतेक रकाने रिकामेच राहतात.

जुन्या कंपनीशी पत्रव्यवहार मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू केला. शाखेतल्या एचआरने ईमेल पुढे पाठवला आणि दोन आठवड्यांनी मुंबईच्या मुख्य कार्यालयातून उत्तर आलं: नोकरी सोडल्यानंतर दिलेलं इन्सेंटिव्ह ‘१९४डी’ खालीच जातं, सिस्टिम तशीच आहे. फोनवर एका मुलाने जास्त मोकळेपणाने सांगितलं. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, झाल्यावर पेरोलमधलं नाव बंद होतं, मग उशिराच्या रकमा एजंटांच्या कमिशनच्या रांगेतून सोडतात, आणि तिथे टीडीएस आपोआप १९४डी चाच लागतो. त्याचा दोष नव्हता, त्याच्यापुढे ते एकच बटण होतं.

यानंतर काकांनी मसुदा करून दिला आणि मी तो टॅक्स विभागाच्या नावाने पाठवला. सोबत नेमणूकपत्रातलं इन्सेंटिव्हचं कलम, त्या तिमाहीचं टार्गेटचं पत्रक, राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल आणि रिलीव्हिंग लेटर जोडलं. हे कागद नोकरी सोडतानाच स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवा. कंपनीचा मेल आयडी बंद झाला की टार्गेटचं पत्रक मिळवणं किती कठीण असतं ते मला कळलं. माझ्याकडे ते होतं, कारण एका सहकाऱ्याने ते व्हॉट्सअॅपवर टाकलं होतं.

पत्रात खरा कामाचा परिच्छेद आकड्यांचा निघाला. कंपन्या अशी दुरुस्ती टाळतात, कारण पगार म्हणून जास्त कर कापायला हवा होता असं निघालं तर कमी कापल्याचं व्याज त्यांच्यावर येतं. काकांनी मांडून दाखवलं: सहा महिन्यांचा पगार ४,६८,००० अधिक इन्सेंटिव्ह १,७४,००० म्हणजे ६,४२,०००. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन राहतात ५,६७,०००. सात लाखांच्या आत असल्याने त्या वर्षी त्यावर कर शून्य. कंपनीने तर वर्षभराचा अंदाज धरून पगारातून १८,८०० आधीच कापले होते. म्हणजे कमी कपातीचा प्रश्नच उरत नव्हता. हे वाचल्यावर मुंबईचा सूर बदलला. कोणाशी भांडायचं असेल तेव्हा समोरच्याची भीती कशाची आहे ते आधी शोधावं, हे मी विक्रीत शिकले होते, इथे ते मला काकांनी पुन्हा दाखवलं.

तरी लगेच काही झालं नाही. एप्रिल गेला, मे गेला. “वर्षअखेरीची गडबड आहे मॅडम.” मी दर सोमवारी एक सभ्य ईमेल टाकत होते, त्याच साखळीत, तारखेसकट.

मधल्या काळात बाकीची कामं उरकली. नोकरीत व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये आपोआप कापला जायचा. एजंट झाल्यावर तो आपला आपण भरायचा. महाराष्ट्राच्या व्यवसाय कराच्या अनुसूचीत विमा एजंटांचा उल्लेख नावानिशी आहे, वर्षाला २,५०० रुपये. महाजीएसटीच्या संकेतस्थळावर नावनोंदणी करून पीटीईसी क्रमांक घ्यायचा आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत रक्कम भरायची. हे काम घरबसल्या होतं, फक्त आधारला जोडलेला मोबाइल आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश जवळ ठेवा. जीएसटीची मात्र चिंता नको. विमा एजंटाच्या कमिशनवरचा जीएसटी उलट पद्धतीने विमा कंपनीच भरते, आणि ज्याचं सगळं उत्पन्न असंच आहे त्याला नोंदणी करावी लागत नाही. “वीस लाखांच्या पुढे गेलात की नंबर घ्यावा लागेल” असं चुकीचं सांगणारे मला दोघेतिघे भेटले.

खर्चाची वही नोव्हेंबरपासूनच लिहीत होते. पेट्रोल, मोबाइल, कुरिअर, झेरॉक्स, कॅलेंडरं, आणि एजंट झाल्यावर घेतलेला प्रिंटर. स्कूटर घरकामालाही वापरली जाते, म्हणून पेट्रोलचा सगळा खर्च धरला नाही, किलोमीटर टिपून ठेवले. काका म्हणाले, “विचारलं तर सांगता आलं पाहिजे, एवढाच खर्च लिही.” नोव्हेंबर ते मार्च एलआयसीचं कमिशन २,३६,००० झालं आणि खर्च ६१,०००. उरले १,७५,०००. एलआयसीने कमिशनवर ५ टक्के दराने ११,८०० टीडीएस कापला होता. हा दर आता बदललाय. १ एप्रिल २०२५ पासून १९४डी चा दर २ टक्के झाला आणि सूट मर्यादा वर्षाला १५ हजारांवरून २० हजारांवर गेली. कमी कापलं जातं म्हणजे कर कमी झाला असं समजणारे शाखेत आहेत. कर तेवढाच आहे, तो आपल्याला आधीच बाजूला काढून ठेवावा लागेल. वर्षाचा कर टीडीएस वजा जाता १० हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल तर अग्रिम कराचे हप्ते येतात: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च.

पगारदार आणि एजंट यांच्यातली सीमा किती पुसट वाटू शकते, हे याच काळात शाखेत रोज दिसत होतं. माझ्यासमोरच्या टेबलावर आमचे विकास अधिकारी बसतात. तेही विमाच आणतात, आमच्यामार्फत. पण ते महामंडळाचे कर्मचारी, त्यांना फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, मिळतो. मला फॉर्म १६ए. आम्हा एजंटांना ग्रॅच्युइटीसुद्धा आहे, २०२३ मध्ये तिची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख झाली. ग्रॅच्युइटी हा शब्द ऐकला की माणसाला नोकरीच वाटते, पण तेवढ्याने कोणी नोकर होत नाही. आणि मग ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतहून एलआयसीची विमा सखी योजना सुरू झाली, बायकांना एजंट करणारी. पहिल्या वर्षी महिन्याला ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. आमच्या शाखेत करवीरच्या एका गावची बाई विमा सखी म्हणून आली. तिने मला विचारलं, “ताई, दर म्हैन्याला पैसं येत्यात, मग मी नोकरीला लागली म्हनायची न्हवं?” घरी सासऱ्यांना तिने तसंच सांगितलं होतं. योजनेच्या अटींतच स्पष्ट लिहिलंय की ही महामंडळाच्या कर्मचाऱ्याची पगारी नेमणूक समजू नये. ते मी तिला वाचून दाखवलं. तिला जरा वाईट वाटलं. सासऱ्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत पूर्णवेळ आयुर्विमा विकतो. त्याच्याशी बोलताना कळलं की तिकडे कायद्याने याच लोकांसाठी तिसरा कप्पा केलाय. मुख्यतः एकाच कंपनीसाठी पूर्णवेळ आयुर्विमा विकणारा माणूस, बाकी अटी जुळत असतील तर, ‘कायद्याने मानलेला कर्मचारी’ ठरतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या सरकारी योजनांचा अर्धा भार कंपनी उचलते, नोकरदाराचा डब्ल्यू-२ फॉर्म त्याला मिळतो, त्यावर १३ नंबरच्या चौकटीत खूण असते, आणि तरी तो स्वतःचे खर्च धंदेवाल्यासारखे शेड्युल सी या पुरवणीवर वजा करू शकतो. आपण नोकर की स्वतंत्र यावर वाद असेल तर एसएस-८ नावाचा फॉर्म भरून थेट करखात्याला विचारता येतं. उत्तराला सहा महिने तरी लागतात म्हणे. मला हेवा वाटला. पाचेक महिने मलाही लागलेच, पण मी विचारत होते जुन्या कंपनीच्या टॅक्स विभागाला.

जूनच्या मध्याला जुन्या कंपनीचा फॉर्म १६ आला, इन्सेंटिव्हशिवायचा. त्याच आठवड्यात मी एआयएसमध्ये, म्हणजे आपल्याबद्दल करखात्याकडे आलेल्या माहितीच्या पत्रकात, त्या १९४डी च्या नोंदीवर अभिप्राय दिला की ही माहिती बरोबर नाही. हे जरूर करा. तो अभिप्राय माहिती देणाऱ्या कंपनीकडे जातो, आणि तिने मान्य केलं की नाही हे तिथे दिसतं. माझ्या ईमेलांमुळे की या अभिप्रायामुळे ठाऊक नाही, पण २६ जूनला टॅक्स विभागातल्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी दहा मिनिटांत सगळं समजून घेतलं. १,७४,००० ची रक्कम बिगरपगारी विवरणातून, म्हणजे २६क्यू मधून काढून पगाराच्या २४क्यू मध्ये घालायची असं ठरलं. जुलैच्या अखेरीस २६एएस बदललं, आणि ऑगस्टच्या ६ तारखेला सुधारित फॉर्म १६ आला, ६,४२,००० रुपयांचा, ८,७०० चा टीडीएस धरून. तो मी दोनदा छापून ठेवला.

कंपनीने केलंच नसतं तर? काका म्हणाले होते की तरी आपण पगारातच दाखवायचं, ईमेलची साखळी आणि कागद फाइलला ठेवायचे, आणि विचारणा झाली की मुदतीत उत्तर द्यायचं. रक्कम कुठलीही लपत नाही, फक्त तिचं घर बदलतं.

ऑगस्ट गेला करप्रणाली निवडण्यात. धंद्याचं उत्पन्न आल्याचा परिणाम सगळ्यात जास्त इथे जाणवतो. पगारदार माणूस दरवर्षी विवरणपत्र भरताना जुनी की नवी हे निवडू शकतो. धंद्याचं एक रुपया उत्पन्न असलं तरी जुनी प्रणाली हवी असल्यास फॉर्म १०-आयईए मुदतीच्या आत भरावा लागतो, आणि जुनीतून नवीत एकदा परतलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनी मिळत नाही. माझा हिशेब असा होता. नव्या प्रणालीत एकूण उत्पन्न ७,४२,०००, सात लाखांच्या वर, म्हणून सेस धरून २५ हजारांच्या थोडा वर कर. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५० हजार, पगारातून गेलेला व्यवसाय कर १,२००, घरकर्जाच्या व्याजातला माझा वाटा १,६०,०००, कलम ८०सी खालच्या गुंतवणुकीचे दीड लाख आणि आरोग्य विम्याचे २५ हजार जाऊन ४,३०,८०० उरत होते. पाच लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य. विचार करण्यासारखं फार नव्हतं, पण ‘धंदा चालू असेपर्यंत’ हे शब्द वाचून मी दोन दिवस घेतले.

१०-आयईए २९ ऑगस्टला भरला. त्याचा पोच क्रमांक विवरणपत्रात घालावा लागतो, म्हणून हा फॉर्म आधी, मग आयटीआर. २०२५ मध्ये विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली होती, शेवटी पोर्टल इतकं अडकलं की आणखी एक दिवस वाढवला. आयटीआर-३ ऑनलाइन भरण्याची सोय जुलै संपतानाच आली होती. आम्ही ३ सप्टेंबरला भरलं, आधार ओटीपीने तिथल्या तिथे पडताळणी केली. पडताळणीला ३० दिवस असतात, पण त्या भरवशावर राहू नका. काकांची फी सगळं मिळून ५,०००. पत्रव्यवहाराचे वेगळे घेतले नाहीत.

मग वाट पाहणं. माझ्याबरोबर भरलेल्या पगारदार मैत्रिणींचे परतावे दहा-पंधरा दिवसांत आले. माझं ‘प्रक्रियेत आहे’ असंच दिसायचं, ऑक्टोबर, दिवाळी, नोव्हेंबर. रात्री झोपताना पोर्टल उघडायची सवय लागली होती, नवरा वैतागला. ११ डिसेंबरला १४३(१) चं, म्हणजे विवरणपत्र तपासून झाल्याचं, सूचनापत्र आलं. दोन रकान्यांत आकडे असतात, आपण भरलेले आणि त्यांनी काढलेले. पगाराची ओळ जुळली, धंद्याची जुळली. कापलेले ३९,३०० आणि वर १,७०० च्या आसपास व्याज चार दिवसांनी खात्यात आलं. ते व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात ‘इतर’ मध्ये दाखवायचं असतं, सूचनापत्र म्हणून जपून ठेवा.

२०२५-२६ साठी माझ्याकडे पगार नाही, नुसती एजन्सी. नव्या प्रणालीत आता १२ लाखांपर्यंत कर नाही, म्हणून शाखेत सगळे तिकडे चाललेत. माझ्या अंदाजाने यंदा खर्च जाता साडेसहा लाख उरतील. त्यावर नव्यातही कर शून्य आणि माझ्या वजावटी धरता जुन्यातही शून्य. काका म्हणाले, “दोन्हीकडे शून्य असेल तर परतीचं एकमेव तिकीट आत्ताच कशाला फाडतेस?” म्हणून या वर्षी जिथे आहे तिथेच राहणार. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, तेव्हा १९४डी वगैरे जे वर लिहिलंय ते शोधताना जुना कायदा आहे हे लक्षात घ्या. आणि कोणी याच महिन्यात नोकरी सोडत असेल तर एवढं करा: थकलेलं इन्सेंटिव्ह पेरोलमधूनच, पगार म्हणून मिळेल, असं एचआरकडून शेवटच्या दिवसाआधी ईमेलवर लिहून घ्या.